डोलीच्या पिंपांमधून जाऊ नका: शीडबोट नव्याने चालवणाऱ्यांसाठी

मुंबई बंदरात बोट चालवायला शिकणारा माणूस पहिले काही महिने मोठ्या जहाजांना घाबरून असतो. घाबरावंच. पण जहाज लांबून दिसतं, भोंगा देतं, त्याचा मार्ग नकाशावर आखलेला असतो. आम्हाला पहिल्या हंगामात ज्याने खरोखर धरून ठेवलं ते गोड्या तेलाचं जुनं कॅन होतं. शेवाळ चढून काळं पडलेलं, पाण्याच्या ओढीने वीतभर खाली गेलेलं, आणि त्याला बांधलेली कुणाची तरी अख्खी डोल, म्हणजे मासेमारीचं पिशवीसारखं जाळं.

गेटवेपासून मांडवा, थळ, अलिबाग या पट्ट्यात ज्यांनी नुकतीच शीडबोट किंवा छोटी मोटरबोट चालवायला घेतली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. किनारा दुसरा असेल तर जाळ्यांची नावं बदलतील, पाण्याचा हिशेब तोच राहील.

जाळं नेमकं कुठे असतं

जहाजांच्या मार्गात हौशी बोटीने आडवं येऊ नये, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणून आपण खोल मार्ग सोडून कडेच्या उथळ पाण्यात सरकतो. कोळ्यालाही त्या मार्गात जाळं लावता येत नाही, म्हणून तोही तिथेच लावतो. जहाजापासून जितकं दूर, तितकं जाळ्याच्या जवळ, हे गणित धरूनच निघायचं.

इथे सगळ्यात जास्त भेटते ती डोल. वसई, उत्तन, वर्सोव्यापासून खाली थळ-नवगावपर्यंत बोंबील, जवळा, करंदी याच जाळ्यात येतात. डोल म्हणजे नरसाळ्यासारखी लांब पिशवी. आकार लहानमोठा असतो, वीस-पंचवीस मीटरपासून साठ-सत्तर मीटरपर्यंत. तोंड भलंमोठं, शेपटाकडे निमुळती होत जाते आणि शेवटी बारीक विणीचा खोला, ज्यात मासळी साचते. ही पिशवी कोणी ओढत नाही. तिचं तोंड तळात ठोकलेल्या खुंटांना बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीचं पाणीच तिच्यातून वाहतं. उथळ जागी खुंटांची डोकी ओहोटीला वर दिसतात आणि भरतीला बुडतात. खोल पाण्यात खुंटापासून दोर वर येतो आणि जाळ्याच्या तोंडाची वरची बाजू पिंपांनी तरंगत ठेवलेली असते.

याचा अर्थ नीट डोक्यात बसवून घ्या. दोन पिंपांच्या मधलं पाणी मोकळं नसतं, ते जाळ्याचं तोंड असतं. आणि अशा डोली एकटीदुकटी नसतात, ओळीने लावलेल्या असतात. दोन पिंपं दरवाजाच्या खांबांसारखी दिसतात, मधून जायचा मोह होतो. मोटरबोटवाले तर हमखास जातात.

दुसरं जाळं तरतं. जुने लोक वावरी म्हणायचे, आता सगळे गिलनेटच म्हणतात. ते भिंतीसारखं पाण्यात उभं असतं, वरच्या काठाला छोटे बोये, आणि लांबी एक-दोन किलोमीटर सहज. एका टोकाला होडी असते, दुसऱ्या टोकाला बावटा किंवा रात्री दिवा. होडी दिसली पण ती कुठे चाललेली नाही असं वाटलं तर आधी तिच्यावरून ताणून निघालेला दोर शोधा. तो ज्या दिशेला गेला त्या दिशेला जाळं आहे. दुर्बिणीतून टोकाचा बावटा सापडेपर्यंत त्या बाजूला वळू नका.

मालवण-तारकर्लीकडे किंवा गोव्यात कयाक घेऊन जाणार असाल तर रापण ओळखता आली पाहिजे. किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा थोड्या अंतरावर उभ्या राहून दोर ओढताना दिसल्या की त्या दोन्ही रांगांना जोडणारं जाळ्याचं अर्धवर्तुळ समुद्रात आहे असं समजा. बाहेरून वळसा घाला, किंवा किनाऱ्याला लागून मजा बघत बसा.

घरून निघताना: आधी तिथी

भरती-ओहोटीचा तक्ता मोबाईलवर मिळतो, तो बघाच. पण कोकणातला जुना हिशेबही पाठ असू द्या: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक होते, पण कॅलेंडरवर नजर टाकताच दिवसाचं चित्र उभं राहतं.

जाळ्यांसाठी हे इतकं महत्त्वाचं का? पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. मुंबईत तेव्हा पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आणि तेवढं पाणी सहा तासांत आत-बाहेर करायचं तर ते जोरातच धावणार. त्या जोराने डोलीची पिशवी फुगते, दोर ताणतात आणि वरची पिंपं खाली खेचली जातात. मोठं पिंप तिरकं होऊन अर्धं दिसत राहतं, छोटं कॅन पाण्याखाली जातं. भर उधाणात जाळ्याची खूण दिसत नाही ती नेहमीच खूण नसल्यामुळे नाही. खूण असते, पण वीतभर पाण्याखाली.

आता वेळा बघा. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते, म्हणजे पाण्याचा सगळ्यात जास्त जोर सकाळी नऊच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला. रविवारी हौशी मंडळी निघतात नऊला आणि परततात तीनला! नवखे असाल तर पहिल्या चार-पाच फेऱ्या भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे करा. पाणी संथ असतं आणि पिंपं वर असतात.

नकाशाचं म्हणाल तर डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे चार्ट उघडून बघाच. या भागात मासेमारीचे खुंट कुठे असतात ते पट्टे त्यांवर दाखवलेले आहेत. मात्र चार्ट पट्टा सांगतो, या आठवड्यातली ओळ नाही. ती फक्त धक्क्यावर कळते. ‘आज डोली कुठे आहेत?’ एवढंच एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला विचारा. मी चार वर्षांत कितीदा तरी विचारलं असेल, कोणी तुसडेपणाने उत्तर दिलेलं नाही. उलट कुठल्या टेकडीची सरळ रेषा कुठल्या देवळाशी धरायची तेही सांगतात, कारण ते स्वतः जाळं तसंच शोधतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पण त्या पावसात आपणही बोट काढत नाही. नारळी पौर्णिमेनंतर जाळी पुन्हा पाण्यात जातात आणि ऑक्टोबरपासून आपण. म्हणजे हौशी हंगामाचा एकही महिना जाळ्यांशिवायचा नाही.

बोटीवर घ्यायचं सामान: दुर्बीण, चकाकी कमी करणारा पोलराइज्ड गॉगल, लांब आकडी, आणि भातकापणीचा दातेरी विळा बांबूला घट्ट बांधून. हसू नका. बाजारात यासाठी महागडी अवजारं मिळतात, पण ओला नायलॉनचा दोर दातेरी पात्याने जसा कापला जातो तसा गुळगुळीत धारेच्या सुरीने नाही. विळ्याच्या पात्यावर जुन्या पाइपचा तुकडा चढवून ठेवा, नाहीतर पहिला बळी तुमची रबरी होडी जाईल.

पाण्यावर: बोया वाचायचा कसा

एक साधा हिशेब. पाच नॉटच्या (ताशी पाच सागरी मैल) वेगाने बोट मिनिटाला साधारण दीडशे मीटर कापते. काळं कॅन शंभर मीटरवर दिसलं तर तुमच्या हातात चाळीस सेकंद आहेत. वीस नॉटच्या मोटरबोटीत तेच अंतर दहा सेकंदांचं. म्हणून पट्ट्याच्या जवळ आलात की वेग कमी करा आणि एका माणसाला दुसरं काहीही काम न देता नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर बसवा. शीडबोटीत पुढचं मोठं शीड वाऱ्याआडची अख्खी बाजू झाकून टाकतं, सुकाणूवाल्याला तिकडचं काही दिसत नाही. त्या माणसाचं तोंड मुख्यतः तिकडेच असावं. सूर्य ज्या बाजूला असेल तिकडचं चकाकणारं पाणी सर्वांत फसवं, तिकडे दुप्पट लक्ष.

बोया दिसला की लगेच सुकाणू फिरवू नका, आधी तो वाचा. वाहत्या पाण्यात पिंपाच्या एका अंगाला पाणी उशीसारखं चढलेलं असतं आणि दुसऱ्या अंगाला लांब सळसळतं शेपूट निघालेलं असतं, जणू पिंपच कुठेतरी चाललंय. शेपूट ज्या दिशेला, पाणी त्या दिशेला वाहतंय. तळातून येणारा दोर उशीच्या बाजूला असतो. डोलीची पिशवी शेपटाच्या बाजूला पसरलेली असते.

एकटाच बोया असेल आणि तो नांगराच्या किंवा सापळ्याच्या दोरावरचा आहे अशी खात्री असेल तर शेपटाच्या बाजूने, भरपूर अंतर ठेवून जा. काही जण बोयाला मागे आणखी एक तरंगता दोर सोडतात, त्यासाठी हे अंतर. पण एकाहून जास्त पिंपं दिसली तर ती डोलीची ओळ समजा. मग उशी कुठली, शेपूट कुठलं हा विचार सोडून द्या आणि ओळीच्या टोकाला वळसा घाला. ओळ जिथे संपली असं वाटतं त्याच्यापुढे अजून शंभर-दीडशे मीटर सरळ जा, मगच वळा. हे शेवटचं वाक्य मला महाग पडलेलं आहे, ते पुढे सांगतो.

काही ठिकाणी वळसा शक्यच नसतो, ओळीमागे ओळ असते. तिथे इंजिन कमी करून एखादी होडी येण्याची वाट बघा आणि तिच्या मागून जा. गावातली होडी कुठून वळते ते नुसतं बघितलं तरी अर्धा नकाशा कळतो.

रंगांवर विसंबू नका. बंदराचे अधिकृत बोये आपल्याकडे बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवे असतात आणि आकाराने मोठे, क्रमांक असलेले. जाळ्याचं लाल कॅन त्यांच्याशी काही नातं सांगत नाही. तसंच प्लॉटरचं, म्हणजे बोटीवरच्या नकाशाच्या पडद्याचं. काही जाळ्यांना आता एआयएसचा (जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेचा) छोटा बोया बांधलेला असतो आणि पडद्यावर तो जहाजासारखा दिसतो. समोर जहाज नाही पण पडद्यावर आहे, असं झालं तर जाळं समजा.

रात्रीबद्दल थोडक्यात: पहिल्या हंगामात नको. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ट्रॉलिंग करणाऱ्या, म्हणजे जाळं ओढत चालणाऱ्या बोटीवर पांढऱ्याच्या वर हिरवा दिवा हवा, इतर मासेमारी करणारीवर पांढऱ्याच्या वर लाल. जाळं दीडशे मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. दिवसा टोकाला टोक लावलेले दोन काळे शंकू. हे पाठ करा, परीक्षेत येतं. पाण्यावर मात्र तुम्हाला दिसेल लुकलुकणारा निळा-हिरवा खेळण्यातला दिवा, आणि त्याच्यापुढे जाळं उजवीकडे आहे की डावीकडे हे तो सांगणार नाही.

खूण इतकी वाईट का?

मला यात दोन्ही बाजूंचं पटतं. कॅनला भडक रंग आणि वर हातभर काठीवर बावटा असता तर आमच्यासारख्यांचे निम्मे अपघात टळले असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ साली मासेमारीच्या साधनांना खुणा करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, पण ती ऐच्छिक आहेत. दुसरीकडे, चांगला बोया महाग आणि चोरीला जाणारा. तेलाचं कॅन कोणी चोरत नाही. शिवाय ज्याचं जाळं त्याला किनाऱ्यावरच्या खुणांवरून जागा ठाऊक असते, त्याला बोया लांबून दिसायची गरजच नाही. खूण त्याच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. आणि नियमही त्याच्या बाजूने आहे: मासेमारीत गुंतलेल्या नौकेला शीडबोटीनेही वाट द्यायची असते.

अडकलात तर

आमची गोष्ट अमावस्येच्या दुसऱ्या दिवसाची, खांदेरीच्या अलीकडे. सव्वीस फुटी शीडबोट, वारा पडला म्हणून इंजिन चालू. दोन निळी पिंपं दिसली, दुसऱ्याच्या बाहेरून वळसा घातला आणि मी निर्धास्त झालो. तिसरी खूण म्हणजे ते कॅन, पाण्याखाली. आधी खालून दबका ठोका, मग इंजिनाचा आवाज जड झाला आणि बंद पडलं. बोट जागच्या जागी गर्रकन फिरली आणि पाठीमागची बाजू प्रवाहाकडे करून उभी राहिली. पाणी मागून फळीवर आपटायला लागलं.

तेव्हा मी जे केलं ते आधी सांगतो, कारण ते चूक होतं: इंजिन परत चालू करून उलटा गियर टाकला. दोर आणखी चार वेढे बसला. तुम्ही ठोका ऐकताच गियर न्यूट्रल करा आणि इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात. शीड चढलेलं असेल तर उतरवा किंवा दोर मोकळे सोडा. लाइफजॅकेट सगळ्यांनी घालायचं, तोपर्यंत नसेल घातलं तर. बाहेरचं इंजिन असेल तर बंद करून वर उचला, बऱ्याचदा दोर हातानेच निघतो.

मग बघा, बोट कशाला अडकली आहे: इंजिनाच्या पंख्याला, सुकाणूला की खालच्या कण्याला. कण्याला किंवा सुकाणूला नुसता दोर टेकलेला असेल तर आकडीने तो खाली दाबून बोट सुटू शकते. पंख्यात गुंडाळला असेल तर घाई करून उपयोग नाही.

खरा धोका असतो तो बोट पाठीमागून बांधली जाण्याचा. बोटीची नाळ लाटा फोडायला बनवलेली असते, मागची फळी नाही. लाटा मागून आत येत असतील तर हे करा. नाळेवरच्या कड्याला एक लांब दोर बांधा, तो बोटीच्या बाहेरून, सगळ्या कठड्यांच्या बाहेरून मागे आणा, आणि आकडीने जाळ्याचा ताणलेला दोर वर घेऊन त्याला घट्ट गाठ मारा. गाठ प्रवाहाच्या वरच्या बाजूला, पंख्यापासून दूर. आता गाठ आणि पंखा यांच्या मधला दोर विळ्याने कापा. बोट झुलून आपोआप नाळ प्रवाहाकडे करेल. तुम्ही अजून जाळ्यालाच बांधलेले आहात, पण सुरक्षित, आणि जाळंही वाहून गेलेलं नाही.

पाण्यात उडी मारू नका. आपल्या पाण्यात हातभर खालचं दिसत नाही, दोन-तीन नॉटच्या ओढीत माणूस जाळ्यावरच जाऊन आदळतो. पाणी थांबायची वाट बघा. पूर्ण भरती किंवा ओहोटीच्या आसपास पाणी मंदावतं. कोळीसुद्धा खोला उचलायला त्याच वेळेला येतात, म्हणजे मदतही तेव्हाच येते. बोट खडकाकडे किंवा जहाजांच्या मार्गाकडे सरकत असेल, पाणी आत येत असेल, तर वाट न बघता व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर ‘पॅन-पॅन’ हा तातडीचा इशारा द्या. जिवावर बेतलं असेल तर ‘मेडे’. मोबाईल लागत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

आमच्याकडे तासा-सव्वा तासाने एक होडी आली. तांडेल साठीच्या पुढचे, बिडी विझवून त्यांनी आमच्याकडे आणि मग पाण्याकडे पाहिलं. मी आवाज चढवून म्हणालो, ‘काका, दोनच पिंपं दिसली, खूण तरी नीट लावायची!’ ते म्हणाले, ‘पानी थांबूदे, मंग मोज.’ अर्ध्या तासाने पाणी थांबलं आणि एकेक करत सात खुणा वर आल्या. काळं कॅन आमच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर होतं.

सुटल्यावर

लगेच इंजिन चालू करून निघू नका. पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो त्या जागी पाणी गळतंय का ते बघा, तळातलं पाणी मोजा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. मग इंजिन हळू चालू करून थरथर जाणवते का पाहा. धक्क्यावर आल्यावर बोट वर काढून पंख्यामागची जागा तपासा. घर्षणाने प्लॅस्टिकचा दोर वितळतो आणि थंड झाला की दगडासारखा होतो. आमच्या पंख्यामागे मुठीएवढा निळा गोळा निघाला, तो छिन्नीने फोडावा लागला.

आणि कापलेल्या दोराची दोन टोकं तिथल्या तिथे पुन्हा बांधून द्या. टोक सोडून दिलं तर जाळ्याची एक बाजू तळाला जाते, कोळ्याचा दिवस आणि कधी अख्खी डोल बुडते, शिवाय तरंगता तुकडा पुढच्या बोटीच्या पंख्याची वाट बघत फिरतो. होडी जवळ नसेल तर जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या आणि जवळच्या कोळीवाड्यात जाऊन सांगा. मी दोराचे पैसे देऊ केले तेव्हा तांडेलांनी ते घेतले, मोजले, त्यातले अर्धे परत दिले आणि आमच्या बादलीत ओंजळभर ओले बोंबील टाकले. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी नारिंगी रंगाचा एक डबा आणि ब्रश घेऊन गेलो. रंग त्यांनी होडीच्या नाळेला लावला. कॅन अजून काळंच आहे.